अर्ध्या पाइंटची गोष्ट

इंग्लंडमध्ये मी अर्धा ग्लास बिअर प्यायलो, हे बाबांना सांगायला मला सात महिने लागले.

पुण्या-मुंबईच्या मित्रांना यात सांगण्यासारखं काय आहे हेच कळत नाही. पण आमचं घर बडोद्याचं. चार पिढ्या दांडिया बाजारात गेल्या. गुजरात राज्य झालं १९६० साली, तेव्हापासून इथे दारूबंदी आहे, आणि तो कायदासुद्धा मूळचा जुन्या मुंबई राज्याचा, १९४९ चा. आमच्या घरात मात्र त्याहून कडक कायदा होता. दारू हा शब्दच उच्चारायचा नाही. कारण माझा धाकटा काका.

दारूबंदी असलेल्या शहरात माणूस दारूने कसा मरतो, हे गुजरातबाहेरच्या लोकांना नवल वाटतं. इथल्यांना वाटत नाही. कुणी दमणला जाऊन येतं, कुणाची ओळख असते, आणि ज्याच्याकडे पैसे नसतात त्याच्यासाठी गल्लीच्या टोकाला प्लास्टिकची पोटली मिळते. २००९ साली अहमदाबादेत आणि २०२२ साली बोटाद भागात त्या विषारी दारूने किती माणसं गेली ते तुम्ही वाचलं असेल. आमचा काका पोटलीने गेला नाही. तो हळूहळू गेला, लिव्हरने. मी तेव्हा दहावीत होतो. तेराव्यानंतर त्याचा विषय घरात बंद झाला. देवघराशेजारी आजी-आजोबांच्या फोटोंची रांग आहे, त्यात त्याचा फोटो नाही.

मी बीई झालो, नोकरीला लागलो, आणि बत्तिसाव्या वर्षी कंपनीने मला ऑनसाइट पाठवलं, इंग्लंडमधल्या डर्बी या गावात. आईने मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि गोडा मसाला बांधून दिला. बाबांनी स्टेशनवर एवढंच सांगितलं, "तब्येतीला जप." ते काय म्हणत होते ते आम्हा दोघांनाही कळलं होतं.

पहिली संध्याकाळ

पहिले दोन महिने मी शुक्रवारी संध्याकाळी काही ना काही कारण काढून घरी जायचो. टीममधला एक ज्येष्ठ टेस्टर होता, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला. माझ्या कोडमधल्या चुका तो इतक्या सभ्यपणे दाखवायचा की राग यायचा नाही. एका शुक्रवारी तो म्हणाला, "तू पिऊ नकोस. लिंबाचं सरबत घे. पण ये तर खरा. आम्ही तिथे कामाचं बोलतो आणि तुला ते सोमवारी कळतं."

हे मात्र खरं होतं. गेलो.

पब म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे अंधार, धूर आणि हिंदी सिनेमातला खलनायक होता. आत पाहतो तर एक आजोबा कुत्र्याला पायाशी बसवून शब्दकोडं सोडवत होते, एक बाई विणत होत्या, आणि कोपऱ्यात दोन कुटुंबं पोराबाळांसकट जेवत होती. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. उन्हाळ्यामुळे बाहेर लख्ख उजेड होता. सगळं इतकं उघड्यावर होतं की मीच चोरासारखा अवघडलो.

काउंटरवर लाकडी मुठीचे पाच-सहा उभे दांडे होते. बाई दांडा हळूच पुढे ओढायच्या आणि नळीतून बिअर ग्लासात यायची. मला आपल्याकडचा पाण्याचा हापसा आठवला, आणि तत्त्व खरंच तेच आहे. बिअरचं पिंप खाली तळघरात असतं आणि हापशाने ती वर ओढायची. यात बाहेरचा गॅस अजिबात नसतो. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९७ साली या यंत्राचं पेटंट घेतलं. आजही साधारण तेच यंत्र चालतं. सव्वादोनशे वर्षांत ज्याची व्हर्जन बदलावी लागली नाही अशी वस्तू पाहिली की माझ्यासारख्याला हात जोडावेसे वाटतात.

मी सरबतच घेतलं. त्या दिवशी आणि नंतरच्या तीन शुक्रवारीही. कुणी आग्रह केला नाही, कुणी चेष्टा केली नाही. पाचव्या शुक्रवारी मीच विचारलं, "यातली सगळ्यात कमी कोणती?"

ज्येष्ठ सहकाऱ्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग एका दांड्यावरच्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं. "ही. साडेतीन टक्के. आणि हाफ घे, पाइंट नको."

चव कशी होती?

तिथे बिअर मापानेच द्यावी लागते. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, हाफ म्हणजे २८४. ग्लासावर सरकारी मापाचा शिक्का असतो. माझ्यापुढे आली ती ऑक्सफर्डशायरमधल्या हूक नॉर्टन गावची 'हूकी'. त्या गावात १८४९ पासून बिअर गाळतात, आणि १८९९ साली बसवलेलं वाफेचं इंजिन तिथे अजून आहे.

या प्रकाराला तिकडे 'बिटर' म्हणतात, म्हणजे सरळ 'कडू'. नावातच कबुली. रंग कोऱ्या चहासारखा तांबूस. वर बोटभर फेस. वास घेतला तर पहिल्यांदा आला तो तव्यावर भाजलेल्या पोळीचा, मागून संत्र्याच्या सालीचा आणि वाळल्या गवताचा.

पहिला घोट घेतला आणि वाटलं, ही उतरलेली बिअर दिली की काय! फसफस नावालाच. थंडगारही नाही, माठातल्या पाण्याइतकी गार. जाहिरातीतली बिअर बर्फातून निघते, हिची गंमत ११ ते १३ अंशांत असते. जास्त गार केली तर वासही मरतो आणि चवही.

दुसऱ्या घोटाला भाजलेल्या धान्याची किंचित गोडी लागली. आणि गिळल्यावर, जिभेच्या मागच्या बाजूला, कडूपणा आला. ताबडतोब नाही, सावकाश. आणि आला तो जाईना.

आपल्या जिभेला कडू काही नवीन नाही, मंडळी. पाडव्याला कडुनिंबाचा पाला गुळाबरोबर आपण खातोच. मेथीची भाजी आहे, कारल्याचे काप आहेत, लहानपणी तापात पाजलेला काडेचिराइताचा काढा आहे. बिटरचा कडूपणा काढ्याच्या जातीचा नाही, मेथीच्या जातीचा आहे. एक घास खाल्ल्यावर दुसरा घ्यावासा वाटतो तसा. मी तो हाफ पाऊण तास पुरवला. डोकं जागेवर होतं. फक्त हात थोडे थरथरत होते, आणि ते बिअरमुळे नव्हते.

पिंपातला जिवंत माल

इंजिनिअर माणूस, एखादी गोष्ट आवडली की ती चालते कशी हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. थोडक्यात सांगतो.

जव भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवतात. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो त्यातली पहिली पायरी तीच. हे जव भरडून साधारण ६५ ते ६८ अंशांच्या गरम पाण्यात भिजत ठेवले की त्यातल्या एन्झाइम्समुळे पिठाची साखर होते. इथेच कमी अल्कोहोलच्या बिअरची खुबी आहे. पाणी थोडं जास्त गरम ठेवलं तर अशी साखर तयार होते की जी यीस्टला पुरती खाता येत नाही. ती मागे उरते आणि पेयाला अंग देते. म्हणून साडेतीन टक्क्यांची चांगली बिटर पाणचट लागत नाही.

मग तो गोड काढा तासभर उकळतात, आणि त्यात टाकतात हॉप्स. ही एका वेलाची हिरवी फुलं. मादी वेलाच्या फुलात पिवळी पूड असते, तिच्यातली आम्लं उकळताना बदलतात आणि कडूपणा उतरतो. गोल्डिंग्ज आणि फगल्स या इंग्लंडच्या नावाजलेल्या जुन्या जाती. हॉप्स नुसते चवीसाठी नाहीत, त्यांनी बिअर टिकतेही. लोणच्यात मीठ जे काम करतं, तेच समजा.

थंड करून यीस्ट घातलं की काही दिवसांत साखरेचं अल्कोहोल होतं. इतर बिअर यानंतर गाळून, यीस्ट काढून टाकून बाटलीत किंवा गॅसच्या पिंपात भरतात. पारंपरिक बिटर मात्र यीस्टसकट पिंपात जाते आणि पबच्या तळघरात पुन्हा एकदा हलकेच आंबते. म्हणजे गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतो तो जिवंत माल. तळघर सांभाळणारा माणूस पिंपाच्या वरच्या भोकातली लाकडी खुंटी कधी मऊ, कधी कठीण बसवून आतला गॅस किती सोडायचा ते ठरवतो. तोंड उघडलं की मात्र हवा आत जाते आणि घड्याळ सुरू होतं. साधारण तीन दिवसांत पिंप संपलं नाही तर आंबूस व्हायला लागतं. नेहमीच्या पिंपात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट असतात. तीन दिवसांत ७२ पाइंट संपवायला रोजची माणसं लागतात. गावातली माणसं पबमध्ये यायची थांबली की पहिली मरते ती ही बिअर.

एकदा माझ्यासमोर एका आजोबांनी ग्लास परत केला. मालकाने वाद घातला नाही. स्वतः एक घोट घेतला, मान हलवली, आणि दांड्यावरचा बिल्ला उलटा फिरवला. बिल्ला उलटा म्हणजे ही आज मिळणार नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक कबूल करायला तीन मीटिंगा लागतात.

ही पद्धत मधल्या काळात जवळजवळ बुडाली होती. मोठ्या कंपन्यांना गॅसची, गाळलेली, न बिघडणारी बिअर सोयीची. १९७१ साली चार तरुणांनी याविरुद्ध मोहीम सुरू केली, ती 'कॅमरा' म्हणून ओळखली जाते. आज तिचे लाखाच्या वर सभासद आहेत, आणि हापशाची बिअर टिकली त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. एका चवीसाठी इतकी माणसं पन्नास वर्षं वर्गणी भरतात याचं मला कौतुक वाटलं. बाहेरगावी मंडळ चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ते लगेच कळावं. रोजची माणसं लागतात, हे भाषेलाही लागू आहे.

एक भानगड सांगायची राहिली. पिंपातला यीस्टचा गाळ तळाशी बसावा म्हणून परंपरेने त्यात माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. आमचं घर शाकाहारी. मला हे कळलं तिसऱ्या हाफनंतर. हल्ली हा पदार्थ न घालता केलेली, किंचित गढूळ बिअरही मिळते. त्यानंतर मी विचारूनच घेतली.

कमी का?

माझ्या मनात सारखा येणारा प्रश्न हा होता: पिणाऱ्या देशाची आवडती बिअर इतकी सौम्य कशी?

याचं उत्तर चवीपेक्षा इतिहासात आणि करात आहे. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई झाली. दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीत राहणं सरकारला हवं होतं. पबच्या वेळा कापल्या गेल्या. दुपारी पब बंद ठेवायचा नियम तर १९८८ पर्यंत टिकला. १९१५ साली दुसऱ्याला दारू पाजण्यावरसुद्धा बंदी आली. युद्धाआधी पाच टक्क्यांच्या आसपास असलेली बिअर १९१८ पर्यंत तीनच्या आसपास उतरली. युद्ध संपल्यावर ती थोडी चढली, पण जुन्या जागी पुन्हा गेलीच नाही. लोकांना सवय झाली होती, आणि लक्षात आलं होतं की सौम्य बिअर घेऊन जास्त वेळ बोलता येतं.

कराचाही हात आहे. १८८० पासून तिकडे बिअरवरचा कर तिच्या दाटपणावर, म्हणजे पर्यायाने तीव्रतेवर बसत आला. ऑगस्ट २०२३ मध्ये नियम पुन्हा बदलले: बिअर साडेतीन टक्क्यांच्या खाली असेल तर तिच्यातल्या शुद्ध अल्कोहोलवरचा कर निम्म्याहून कमी. लगेच कितीतरी कंपन्यांनी आपली बिअर ३.४ टक्क्यांवर आणली. हेन्लीच्या ब्रॅकस्पिअर कंपनीची बिटर तर आधीपासूनच ३.४ टक्क्यांची म्हणून नावाजलेली होती.

आणि या कडू बिअरचा आपल्याशीही एक जुना धागा आहे. डर्बीहून ट्रेनने पंधरा मिनिटांवर बर्टन नावाचं गाव आहे. तिथल्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून येतं, त्यामुळे हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उठतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांसाठी फिकट रंगाची कडक कडू बिअर जहाजांनी यायची. आधी लंडनच्या हॉजसनची, आणि १८२० च्या दशकापासून बर्टनच्या ऑलसप आणि बास यांची. तीच जातकुळी मायदेशात सौम्य होत गेली आणि गिऱ्हाईक तिला नुसतं 'बिटर' म्हणू लागलं. बासचा लाल त्रिकोण हा ब्रिटनमध्ये नोंदलेला पहिला ट्रेडमार्क, १८७६ चा. एका रविवारी मी बर्टनला जाऊन आलो. मुंबईच्या बंदराकडे निघालेली पिंपं इथून गेली असतील, असं मनात आलं आणि उगाच ओळखीचं वाटलं.

हिशेब

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय ही गोष्ट अर्धवट राहील.

साडेतीन टक्क्यांच्या एका हाफमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण १० मिलिलिटर, पाइंटमध्ये २०. आपल्याकडच्या ६० मिलिलिटर व्हिस्कीच्या पेगात २५ च्या वर. आणि आठ टक्क्यांच्या 'स्ट्राँग' बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ५२! म्हणजे 'बिअरच तर आहे' म्हणून एक बाटली संपवणाऱ्याने माझे पाच हाफ एका बैठकीत घेतलेले असतात, हे त्याच्या गावीही नसतं. बिअर या शब्दाला काही अर्थ नाही. टक्के आणि मिलिलिटर यांना आहे.

ब्रिटनमध्ये १० मिलिलिटरला एक युनिट म्हणतात, आणि आठवड्याला १४ युनिटांच्या वर जाऊ नका असं तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी २०१६ पासून सांगितलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत आणखी स्पष्ट सांगितलं: आरोग्याच्या दृष्टीने पूर्ण सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. साडेतीन टक्के म्हणजे कमी. शून्य नव्हे.

आणि तो विणकाम करणाऱ्या बाईंचा पब म्हणजे सगळं इंग्लंड, असंही समजू नका. शनिवारी रात्री अकरानंतर डर्बीच्या चौकात मी फुटपाथवर ओकणारी, रडणारी माझ्या वयाची माणसं पाहिली आहेत. २०२२ साली ब्रिटनमध्ये निव्वळ दारूमुळे झालेल्या मृत्यूंची संख्या १० हजारांवर होती. पबमधली 'राऊंड'ची पद्धतही फसवी. पाच जण असतील तर प्रत्येकाने एकेकदा सगळ्यांसाठी आणायचं, म्हणजे नको असताना पाच ग्लास. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, मी राऊंडमध्ये नाही, माझं मी आणीन. ज्येष्ठ सहकारी म्हणाला, "शहाणा आहेस. मला हे म्हणायला चाळिशी उजाडली." पुढे त्याने काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

झोपाळ्यावर

घरी परतलो. रात्रीची जेवणं झाली होती. बाबा झोपाळ्यावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो आणि सांगून टाकलं.

"बाबा, मी तिकडे बिअर प्यायलो. तुमच्यापासून लपवून ठेवायची नाही म्हणून सांगतोय."

झोपाळा थांबला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"किती?"

"अर्धा ग्लास. अशी पाच-सहा वेळा. साडेतीन टक्क्यांची."

"कुणाबरोबर?"

"ऑफिसातल्या लोकांबरोबर. पबमध्ये. संध्याकाळी."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं आता उठून जातील. मग म्हणाले, "तो कधीच कुणासमोर प्यायला नाही. बाथरूमचं दार लावून प्यायचा, नळ सोडून. आम्हाला वाटायचं याला आंघोळ फार लागते."

सोळा वर्षांत बाबांच्या तोंडून काकाबद्दल आलेलं हे पहिलं वाक्य.

आई दारात येऊन उभी राहिली होती. मी तिला माशाच्या पिशवीचंही सांगितलं. म्हटलं सगळंच एकदाचं होऊन जाऊ दे. ती म्हणाली, "बिअरचं ऐकून घेतलं मी. पण मासा?" आणि बाबा हसले. खरोखर हसले. मग झोपाळा पुन्हा हलायला लागला आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. काका तबला किती सुंदर वाजवायचा. सूरसागरच्या काठी मित्रांबरोबर रात्र रात्र कसा बसायचा. पहिल्यांदा त्याच्या तोंडाला वास आला तेव्हा आजोबांनी त्याला घराबाहेर उभं केलं होतं, आणि बाबा ते बघत उभे राहिले होते. "मी त्याला एकदासुद्धा विचारलं नाही, किती पितोस म्हणून," बाबा म्हणाले. "विचारलं की ते खरं होईल असं वाटायचं."

साडेबारा वाजून गेले होते.

हे सगळं मी इथे का लिहितो आहे? आपल्या मंडळातली कितीतरी मुलं शिकायला, नोकरीला बाहेर जातात. कुणी आपल्यासारख्या दारूबंदीच्या गावातून जातं, कुणी गोव्यातून, कुणी हैदराबादेतून. तुमच्यापुढे एक दिवस ग्लास येणारच. घ्या किंवा घेऊ नका हे सांगणारा मी कोण? पण तीन गोष्टी माहीत असू द्या. ग्लासात किती टक्के, किती मिलिलिटर, हे विचारायला लाजू नका. 'मी राऊंडमध्ये नाही' हे वाक्य पहिल्याच दिवशी म्हणा, ते नंतर म्हणणं अवघड होतं. आणि आपल्या घरात कुणी दारूने गेलं आहे का, हे घरच्यांना विचारा. या व्यसनात आनुवंशिकतेचा भाग मोठा असतो. रक्तदाब आणि मधुमेह घराण्यात आहेत का ते आपण विचारतो, हे मात्र विचारत नाही. विचारून उत्तर 'हो' आलं, तर तुमचा हिशेब दुसऱ्यांपेक्षा वेगळा आहे. माझा आहे. म्हणून मी सहावर थांबलो.

थांबणं सोपं होतं असंही नाही. सहाव्या वेळी ग्लास संपल्यावर मला आणखी एक हवासा वाटला होता. फार नाही, थोडा. तेवढ्यानेच मी घाबरलो. काकालाही सुरुवातीला थोडाच हवासा वाटला असेल.

परवा बाबांनी कपाटातून एक जुना फोटो काढला. काका विशीतला, तबल्यावर बसलेला, केस कपाळावर आलेले. बाबांनी विचारलं, "फ्रेम करून आणतोस का?"

रावपुऱ्यातल्या फ्रेमवाल्याकडे टाकला आहे. गुरुवारी मिळेल.